अण्णांच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या मोजायच्या म्हणतात, सही द्यावी का?

पूर्वभागकर | रविवार रात्र

मंडळी, नमस्कार. आमचे थोरले चुलते, अण्णा, वय ५८. सगळी हयात सोलापूरच्या पूर्व भागात पॉवरलूमवर गेली, आधी चादर, मग टॉवेल. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून मावा धरला, तो सुटलाच नाही. गेल्या दिवाळीपासून उजव्या गालात जखम होती. दात लागतोय म्हणत अंगावर काढली. आता बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर आलाय. सीटीत मानेतली एक गाठ संशयास्पद दिसतेय. याच आठवड्यात ऑपरेशन आहे: गालाचा भाग, जबड्याच्या हाडाचा काठ आणि मानेतल्या गाठी काढणार, छातीचा स्नायू फिरवून गाल भरणार.

विचारायचं ते वेगळंच आहे. काल वॉर्डात निवासी डॉक्टर मॅडम आल्या होत्या. त्यांच्या एमडीच्या प्रबंधासाठी अण्णांच्या गाठीचा उरलेला तुकडा वापरायचाय. फॉर्मवर व्हीईजीएफ, सीडी ३४, सीडी १०५, 'मायक्रोव्हेसल डेन्सिटी' असे शब्द आहेत. मॅडमनी शांतपणे समजावलं, पण अण्णा ऑपरेशनच्या धास्तीत. मला म्हणाले, "काय लिवलंय तूच वाच, मला कळंना." मला एवढंच समजलं की गाठीत नवीन रक्तवाहिन्या किती फुटल्यात ते मोजणार आणि त्यावरून आजार किती वाईट हे ठरतं का ते बघणार.

चुलतभाऊ म्हणतो, हीच तपासणी बाहेर पैसे भरून लगेच करून घेऊ. जास्त आलं तर गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं इंजेक्शन मिळतं, तेही देऊ. लूम विकायची भाषा चाललीय. सही द्यावी का? आणि बाहेर तपासणी करावी का?

शेंगाचटणी | रविवार रात्र

आधी एक सांगते, लूम विकू नका. केशरी रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं बसतं, मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख आहे. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं कार्ड आणि आधार घेऊन आधी जा. मार्करबद्दल जाणकार सांगतील.

स्लाईडवाली | सोमवार सकाळ

मी पॅथॉलॉजीत आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या काचा (स्लाईड) रोज डोळ्याखालून जातात, आपल्या भागात तर फारच. अण्णांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या उपचाराचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सही जरूर द्या. ऑपरेशनमध्ये निघालेला तुकडा फॉर्मालिनमध्ये जातो, मग मेणात बसवून त्याचा ब्लॉक होतो. निदानाला लागतील तेवढे काप घेतल्यावर उरलेला ब्लॉक तसाच जपून ठेवतात. प्रबंधाचे काप त्यातलेच. अण्णांना वेगळी सुई नाही, जादा चीर नाही, खर्च नाही. फक्त दोन गोष्टी विचारून घ्या: फॉर्मवर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लिहिलेली आहे का, आणि पुढे दुसरीकडे मत घ्यायचं झालं तर ब्लॉक परत मिळेल का. मुंबईला टाटा मेमोरियलला किंवा बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात दाखवायला गेलात तर पहिल्याच दिवशी ब्लॉक आणि काचा मागतात.

आता हे मोजतात कशाला? कॅन्सरची गाठ एक-दोन मिलिमीटरची होईपर्यंत आजूबाजूच्या ऊतीतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर तिचं भागतं. त्यापुढे वाढायला तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. ज्युडा फोकमन या अमेरिकन सर्जननी १९७१ साली हे मांडलं, तेव्हा फार जणांना पटलं नव्हतं. पुढे एकेक दुवा सापडत गेला. गाठीच्या मधल्या पेशी गुदमरल्या की त्यांच्यात एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन साचतं. प्राणवायू पुरेसा असताना पेशी ते लगेच मोडून टाकते, गुदमरल्यावर मोडत नाही. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. एचआयएफ साचलं की पेशी व्हीईजीएफ हे प्रथिन तयार करून बाहेर सोडते. ते शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, अस्तराच्या पेशी विभागायला लागतात आणि गाठीच्या दिशेनं नवा फाटा फुटतो.

पण या नव्या वाहिन्या धड नसतात. विनापरवाना, घाईत मारलेल्या नळजोडणीसारख्या वेड्यावाकड्या आणि गळक्या. व्हीईजीएफचा पहिला माग १९८३ साली लागला तोच मुळी 'वाहिन्या गळक्या करणारा घटक' म्हणून. पुढे १९८९ साली नेपोलिओन फेरारा यांच्या गटानं ते वेगळं काढलं आणि वाहिन्यांची वाढ घडवणारं प्रथिन म्हणून त्याची ओळख पटवली. गळक्या वाहिन्यांतून कॅन्सरच्या पेशींना आत शिरायला वाट मिळते, म्हणून आजाराच्या भवितव्याशी याचा संबंध असावा असा कयास आहे. व्हीईजीएफ-सी हा त्याचा भाऊबंद लसिकावाहिन्या (लिंफच्या नळ्या) वाढवतो. तोंडाचा कॅन्सर आधी मानेतल्या लसिकाग्रंथींत जातो, म्हणून आमच्या क्षेत्रात त्याचाही पाठपुरावा होतो.

प्रत्यक्ष काचेवर काय होतं तेही सांगते. ब्लॉकमधून चारेक मायक्रॉन जाडीचा काप काढतात, त्यावर त्या प्रथिनाला नेमकं चिकटणारं प्रतिपिंड सोडतात, शेवटी डीएबीचा रंग. प्रथिन असेल तिथं तपकिरी, बाकी सगळं फिकट निळं. सीडी ३४ आणि सीडी ३१ रक्तवाहिन्यांचं अस्तर दाखवतात, मग ती वाहिनी जुनी असो वा नवी. सीडी १०५, म्हणजे एंडोग्लिन, मुख्यत्वे नव्यानं फुटणाऱ्या वाहिन्यांवर उमटतं. म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते जास्त बोलकं वाटतं, मलाही. कमी भिंगाखाली सगळी काच फिरून सर्वांत गर्दीची जागा शोधायची, मग भिंग वाढवून तिथल्या तपकिरी वाहिन्या मोजायच्या. पोकळी दिसलीच पाहिजे असं नाही, वेगळी पडलेली एकटी तपकिरी पेशीसुद्धा एक वाहिनी धरतात. ही रीत १९९१ साली स्तनाच्या कॅन्सरवरच्या वायडनर यांच्या कामातून रूढ झाली.

बाहेरच्या तपासणीबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: करू नका. आकडा कमी येवो की जास्त, अण्णांचं ऑपरेशन बदलत नाही, शेक (रेडिएशन) द्यायचा की नाही हेही बदलत नाही.

कंबरतलाव | सोमवार दुपार

मॅडम, माहिती उत्तम. पण मला एक पटलं नाही. माझा पुतण्या बीडीएसला आहे, त्याच्याकडून काही शोधनिबंध घेऊन वाचले. कित्येकांत स्वच्छ म्हटलंय की व्हीईजीएफ जास्त असेल तर रुग्ण कमी जगतो. मग 'काही बदलत नाही' हे कसं? माहिती मिळत असेल तर घरच्यांनी का घेऊ नये? अंधारात राहण्यापेक्षा बरं.

स्लाईडवाली | सोमवार रात्र

तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि निबंधही खोटे नाहीत. डोकं-मानेच्या कॅन्सरमधल्या अशा बारा अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २००५ साली झालं, हजारभर रुग्णांचं. त्यात व्हीईजीएफ ठळक असलेल्यांचा दोन वर्षांतल्या मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट निघाला. गटाच्या पातळीवर इशारा आहेच. अडचण एकेका माणसाला तो लावताना येते.

एका प्रयोगशाळेचं प्रतिपिंड वेगळं, दुसरीचं वेगळं. कुणी १० टक्के पेशी रंगल्या की 'पॉझिटिव्ह' म्हणतं, कुणी ५० टक्क्यांवर रेघ मारतं, कुणी रंगाची गडदता टक्केवारीला गुणतं. गर्दीची जागा कोणती हे बघणाऱ्याच्या नजरेवर, त्यामुळे एकाच काचेवर दोघांचे आकडे वेगळे येऊ शकतात. जुन्या अभ्यासांत जीभ, गाल, घसा, स्वरयंत्र सगळं एकत्र, आणि जिभेचा कॅन्सर नि गालाचा कॅन्सर सारखे वागत नाहीत. शिवाय व्हीईजीएफ फक्त कॅन्सरच्याच पेशी सोडतात असं नाही. जखम भरताना आणि जंतुसंसर्गातही ते वाढतं. मावा खाणाऱ्याच्या तोंडात व्रण, किडलेल्या दाढा, सुजलेल्या हिरड्या सगळं एकाच वेळी असतं, तेव्हा रक्तातला किंवा लाळेतला आकडा कशाचा हे कोण सांगणार? बाहेरची 'पॅनल' बहुधा रक्तावरच असतात, हे मुद्दाम सांगते.

आणखी एक. मोठी, खोल गेलेली गाठ स्वाभाविकच जास्त गुदमरते आणि जास्त व्हीईजीएफ सोडते. खोली आणि मानेतल्या ग्रंथी हिशेबात धरल्यावर या प्रथिनाचं स्वतःचं असं किती वजन उरतं, हा खरा प्रश्न, आणि त्यावर अभ्यासांचं एकमत नाही. म्हणूनच प्रबंध हवेत. पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेले, एकाच जागेच्या कॅन्सरचे, एकाच रीतीनं मोजलेले रुग्ण. गालाच्या कॅन्सरचे इतके रुग्ण आपल्याइतके कुणाकडे असणार? सही द्या म्हणते ती या कारणानं.

अण्णांच्या रिपोर्टात भवितव्य सांगणाऱ्या गोष्टी याहून साध्या आहेत. गाठ किती मिलिमीटर खोल गेली. स्टेजिंगच्या, म्हणजे आजाराची पायरी ठरवायच्या नियमांच्या, आठव्या आवृत्तीपासून ही खोली थेट टी-स्टेजमध्ये (मूळ गाठीच्या पायरीत) धरतात, ५ आणि १० मिलिमीटर या तिच्या पायऱ्या. मानेतल्या किती ग्रंथींत आजार आहे आणि तो ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आलाय का, याला रिपोर्टात ईएनई लिहितात. कापलेली कड गाठीपासून ५ मिलिमीटर तरी लांब आहे का. मज्जातंतूभोवती शिरकाव आहे का. या चार-पाच ओळींपुढे व्हीईजीएफची ओळ आज फिकी आहे.

उजनी | मंगळवार

इंजेक्शनचं राहिलं की. आमच्या शेजाऱ्यांना आतड्याच्या कॅन्सरला बेव्हासिझुमॅब दिलं होतं. ते व्हीईजीएफलाच पकडतं ना? मग तोंडाच्या कॅन्सरला का नको?

स्लाईडवाली | मंगळवार

हो, तेच. आतड्याच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. डोकं-मानेच्या परत आलेल्या किंवा पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोसोबत देऊन मोठी चाचणी झाली, ४०३ रुग्ण, निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. गाठ काही काळ जास्त रोखली गेली, पण सरासरी आयुष्य १२.६ महिने विरुद्ध ११ महिने. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. उलट गंभीर रक्तस्राव ६.७ टक्क्यांना, नुसत्या केमोच्या गटात ०.५ टक्के. मानेतल्या मोठ्या धमनीला लागून असलेल्या आजारात हा धोका लहान नाही. त्यात हे औषध जखम भरू देत नाही, म्हणजे ऑपरेशनच्या आगेमागे तर नकोच. अण्णांचं पहिलं ऑपरेशन व्हायचंय, त्यांना या इंजेक्शनचा काही संबंधच येत नाही. चुलतभावाला हे जरूर वाचून दाखवा.

मात्र रक्तवाहिन्या रोखायची कल्पना वाया गेली असं समजू नका. ती वेगळ्या दारानं आली, तीही आपल्याकडेच. मेथोट्रेक्सेटची थोडी मात्रा आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब रोज दोनदा, दोन्ही गोळ्या. थोडी-थोडी केमो न थांबता दिली की गाठीच्या वाहिन्यांच्या अस्तराला सावरायला उसंत मिळत नाही, हा त्यामागचा एक विचार. याला मेट्रोनॉमिक म्हणतात. टाटा मेमोरियलनं बऱ्या होऊ न शकणाऱ्या ४२२ रुग्णांत या गोळ्यांची तुलना सिस्प्लॅटिनच्या सलाइनशी केली, २०२० मध्ये निष्कर्ष आले: ७.५ महिने विरुद्ध ६.१. फरक महिना-दीड महिन्याचा आहे, पण घरी बसून, स्वस्तात आणि कमी त्रासात. भरती व्हायला ज्याच्याकडे पैसा नाही त्या माणसासाठी हे फार मोठं काम आहे असं मला मनापासून वाटतं. हेही परत आलेल्या, पसरलेल्या आजारासाठी. अण्णांना आज ऑपरेशन हाच उपचार आहे.

बार्शीलाईट | बुधवार

उत्तम चर्चा. बार्शीची एक गोष्ट इथं सांगावीशी वाटते. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीला १९८७ साली सुरू झाली, टाटा मेमोरियलच्या साहाय्यानं, बार्शी, परांडा, भूम हे तालुके धरून. दवाखान्यात येईल त्याची नोंद, एवढ्यावर खेड्यात भागत नाही, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरून घसा-तोंडाची लक्षणं विचारायचे, संशय आला की तपासणीला घेऊन यायचे. महागड्या मार्करच्या आधी हे पायी फिरणं आहे, हे विसरू नये.

आणि धागा वाचणाऱ्यांनी आत्ताच एक करून बघा. आपली तीन बोटं, तर्जनी, मधलं, अनामिका, उभी एकावर एक धरून तोंडात जातात का? सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याची दोनच जात असतील, तिखट झोंबत असेल, गाल आतून पांढरट आणि चामड्यासारखा लागत असेल, तर ते सबम्युकस फायब्रोसिस असू शकतं. दंतवैद्याला दाखवा. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण माव्याची पुडी टपरीवर समोर मळून मिळते आणि त्यातल्या सुपारीला कुणी घाबरत नाही. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतः कॅन्सरकारक आहे.

गोदूताईनगर | बुधवार रात्र

मी कुंभारीला राहते. आई विडी कामगार, हजार विड्या वळल्याशिवाय उठायची नाही. विडी कधी ओढली नाही, पण मिशेरी सकाळ-संध्याकाळ. खालच्या हिरडीजवळ पांढरा चट्टा आलाय, दुखत नाही. या चट्ट्यातल्या रक्तवाहिन्या मोजून पुढे कॅन्सर होईल का ते कळतं का? विचारायला संकोच वाटत होता, पण धागा बघून लिहिलं.

स्लाईडवाली | गुरुवार

ताई, बरं झालं विचारलंत. साध्या अस्तरापासून डिस्प्लेशिया (पेशी बिघडायला लागल्याची कॅन्सरआधीची अवस्था) आणि तिथून कॅन्सर अशा पायऱ्या चढताना सीडी १०५ च्या वाहिन्या वाढत जातात असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. म्हणजे वाहिन्या फुटायला कॅन्सर होण्याआधीच सुरुवात होते. पण एका आईच्या एका चट्ट्याचं भाकीत त्यावरून करता येत नाही. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये तर वाहिन्या वाढतात की आटतात यावरच मतभेद आहेत.

त्यांना लागते ती साधी बायोप्सी. लहानसा तुकडा, जागा बधिर करून, टाका एखादा. त्यात डिस्प्लेशिया आहे का आणि किती, यावर पुढचं ठरतं. दुखत नाही म्हणून थांबू नका, असे चट्टे सुरुवातीला दुखतच नाहीत. सिव्हिलला दंत विभागात किंवा कानाघशाच्या ओपीडीत न्या. आणि मिशेरी आजपासून बंद. दात साफ होतात हा समज आपल्याकडे घरोघर आहे, आईंना रागावून नाही, समजावून सांगा.

गोदूताईनगर | गुरुवार

शनिवारी सुट्टी काढून नेते. मिशेरीचा डबा मी आजच उचलून ठेवला, त्यावरून घरात आवाज झाला, होऊ दे.

पूर्वभागकर | तीन आठवड्यांनी

उशिरा लिहितोय, दवाखान्यातच होतो. सही दिली. अण्णांना फॉर्म वाचून दाखवला तेव्हा म्हणाले, "माझ्या गाठीचा कुणाला उपयोग व्हायलाय तर होऊ दे." बाहेरची तपासणी केली नाही, लूम आहे तिथंच आहे. ऑपरेशन योजनेत झालं.

रिपोर्ट आला: गाठ ३ सेंटिमीटर, खोली ८ मिलिमीटर, कडा मोकळ्या, सर्वांत जवळची ७ मिलिमीटर. मानेतल्या ३४ ग्रंथींपैकी एकीत आजार, ईएनई नाही. मज्जातंतूभोवती शिरकाव नाही. डॉक्टर शेक घ्या म्हणाले, केमोची गरज नाही. अण्णांचं म्हणणं, आधी तोंड नीट भरू दे, गावाकडं दोन महिने राहून येतो, मग बघू. नळी आहे अजून नाकात. थांबलं तर चालेल का?

स्लाईडवाली | त्याच रात्री

दोन महिने थांबू नका. तुम्ही दिलेल्या ओळींवरून टी२ (मूळ गाठ), एन१ (मानेतली ग्रंथी), म्हणजे तिसरी स्टेज होते. ग्रंथीत आजार आहे म्हणून शेक, आणि ईएनई नाही, कडा मोकळ्या आहेत म्हणून सोबत केमो नाही. डॉक्टरांचं गणित सरळ आहे. ऑपरेशननंतरचा शेक सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो, आणि तुमचे तीन आठवडे जवळजवळ गेलेत. शेक घेताना डोकं स्थिर ठेवणारा मास्क बनवायला आणि प्लॅनिंगला आठवडाभर सहज जातो, त्यामुळे रेडिएशन विभागात याच आठवड्यात नाव घाला. साधारण ३० शेक असतात, आठवड्याला पाच, म्हणजे सहा आठवडे. मधे खंड पडू द्यायचा नाही, यात्रा असो की लग्न. नाकातली नळी शेकाच्या आड येत नाही, उलट काही दिवस खाणं कमी होतं तेव्हा तिचाच आधार होतो.

आणि मास्कच्या आधी दात. हलणारे, किडलेले दात शेकाच्या आधीच काढून घ्यायचे, जखम भरायला दोनेक आठवडे द्यायचे. शेक झालेल्या जबड्यातला दात पुढे काढला तर हाड सडू शकतं. म्हणून उद्या सकाळी पहिलं काम दंतवैद्याकडे, आणि जाताना हा रिपोर्ट सोबत न्या.

पूर्वभागकर | त्याच रात्री

सांगतो अण्णांना. सकाळी नऊला दंत विभाग उघडतो, तिथून थेट रेडिएशनला जाऊन नाव घालतो.